विचार थांबत नाहीत म्हणून ध्यान सोडू नका: बुद्धाचा मार्ग रोजच्या जगण्यात कसा सुरू करायचा

नवीन माणूस ध्यानाला बसायला लागला की थोड्याच दिवसात एक तक्रार घेऊन येतो, "मला काही हे जमत नाही, डोळे मिटले की विचारच विचार, उलट जास्तच येतात." आणि मग बसणं बंद. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्याचं काहीच चुकलेलं नसतं, त्याला कामच भलतं सांगितलेलं असतं. विचार बंद पाडणं हे सुरुवातीचं काम नाहीच मुळी. खोल समाधीत विचार शांत होत जातात असं सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या पाली उपदेशांमध्ये आहे, पण ती फार पुढची गोष्ट आणि ती जोर लावून होत नाही. मग बसायचं कशासाठी? हे एकदा नीट कळलं ना, की पंचशील, श्वास, मैत्री, विहारात जाणं हे सगळं एकमेकांना का धरून आहे ते कळतं, म्हणून आधी तेच सांगते.

मन कसं चालतं याची बुद्धानं एक साखळी सांगितलीय, प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात तिला. बारा कड्या आहेत, सगळ्या आज पाठ करायची गरज नाही, मधल्या चार पुरे आहेत: स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान. डोळ्याला काही दिसलं, कानावर काही पडलं, मनात एखादी आठवण आली, हा स्पर्श. त्याबरोबर अंगात एक चव उमटते, बरी, वाईट, नाहीतर धड ना बरी ना वाईट, ती वेदना (म्हणजे इथे सुखाची पण वेदनाच). मग लगेच "हे पाहिजे" किंवा "हे नको", ही तृष्णा. आणि मग तेच धरून बसणं, सोडता न येणं, ते उपादान.

आता हे घरात आणून बघू. रात्रीचे साडेदहा, जेवणं झालीत, ओटा आवरलाय, भांडी पालथी घातलीत आणि जरा टेकून फोन हातात घेतलाय. फॅमिली ग्रुपवर मोठ्या जाऊबाईंचा मेसेज, "हल्ली काही जणांना फोन उचलायला पण वेळ नसतो." नाव कोणाचंच नाही, पण कळायचं ते कळलं. वाचता वाचता कान गरम, जबडा आवळलेला, छातीत काहीतरी वर सरकल्यासारखं आणि अंगठा टाइप करायला लागलेला पण! यात स्पर्श म्हणजे ती स्क्रीनवरची अक्षरं. गरम झालेले कान, आवळलेला जबडा, ती वेदना. "आत्ताच्या आत्ता चांगलं सुनवायचं" ही तृष्णा. आणि त्यानंतर दोन तास पलंगावर कूस बदलत, कोणाच्या लग्नात कोण काय बोललं होतं, मी यांच्यासाठी किती केलं, याची उजळणी चालू राहते, ते उपादान. मेसेज एका ओळीचा, रात्र गेली अख्खी.

बुद्धाचं म्हणणं असं की स्पर्श टाळता येत नाही, मेसेज येणारच, ट्रेनला धक्का लागणारच, गुडघा दुखणारच. वेदना पण टाळता येत नाही, ती खुद्द बुद्धाच्या शरीराला सुद्धा होती, म्हातारपणी त्यांची पाठ दुखायची आणि ते आपल्या शिष्याला, सारिपुत्ताला उपदेश करायला सांगून स्वतः आडवे व्हायचे, हे सुत्तांमध्येच आहे. पण वेदनेतून तृष्णा झालीच पाहिजे असा काही नियम नाही. त्या दोघींच्या मध्ये जागा आहे. दूध वर यायच्या आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात, ते ज्याला दिसले तो गॅस बारीक करतो, आणि ज्याला दिसलेच नाहीत तो नंतर शेगडी पुसत बसतो, तसं आहे हे. कान गरम झाले तेव्हा "कान गरम झालेत" एवढं जरी कळलं आणि चार-पाच श्वास तसेच गेले तरी अंगठा थांबतो. ध्यानाला बसायचं ते हे बुडबुडे दिसायला लागावेत म्हणून. एवढंच काम, पण आयुष्यभर पुरणारं.

सल्ल सुत्तात हेच दोन बाणांतून सांगितलंय. एक बाण लागला, दुखलं, हे सगळ्यांनाच होतं, अडाण्याला पण आणि शहाण्याला पण. पण अडाणी माणूस त्यावर रडून, चिडून, छाती बडवून स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. पहिला आपल्या हातात नाही, दुसऱ्याचं काहीतरी करता येतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकते, हे म्हणजे राग गिळणं नाही हं. दाबलेला राग जातो कुठे, तो पोरांवर निघतो नाहीतर ॲसिडिटी होऊन बसतो. इथे राग दाबायचा नाही आणि ओकायचाही नाही, तो शरीरात कुठे कसा आहे ते बघायचं, त्याला वाढायला खाणं द्यायचं नाही. आणि जे बोलायला पाहिजे ते बोलायचंच, जाऊबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून "वहिनी, काय झालं, रागावलात का?" असं सरळ विचारता येतं. अन्याय होत असेल तर उभं राहायचंच, उलट डोकं जाग्यावर असलेला माणूस जास्त नीट उभा राहतो.

आता बसायचं कसं. श्वासावर लक्ष ठेवणं याला आनापानसती म्हणतात, आणि सुरुवात इथूनच करावी, कारण श्वास सगळ्यांकडे आहे, फुकट आहे, आणि त्याला जात धर्म काही नाही. सकाळी घर उठायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं काढा. चटई, उशी, नाहीतर सरळ खुर्ची, मांडी घालता आली पाहिजे असं काही नाही, पाठ ताठ पण ताठरलेली नको. डोळे मिटा. नाकपुड्यांच्या दाराशी, वरच्या ओठाच्या वर, श्वास आत येताना किंचित गार आणि बाहेर जाताना किंचित कोमट लागतो, तेवढ्या जागेवर लक्ष ठेवा. श्वास मोठा करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, हा प्राणायाम नव्हे, जसा येतोय तसा बघायचा फक्त. पाच-सात श्वास होतील आणि तुम्ही डब्याला काय द्यायचं, ईएमआय कधी जाणार, कालचं भांडण, कुठे कुठे जाऊन याल. मग कधीतरी लक्षात येईल, अरे, मी तर श्वास बघत होते. त्या क्षणी स्वतःवर चिडायचं नाही, हळूच परत नाकापाशी यायचं. हे जे "लक्षात येणं" आहे ना तोच व्यायाम आहे, मन भटकलं आणि वीस वेळा परत आणलं तर तुमचा वीस वेळा सराव झाला, बैठक वाया गेली असं अजिबात नाही. जाऊबाईंच्या मेसेजच्या वेळी कामाला येतं ते हेच लक्षात येणं.

अडथळे येतात ते पण नवे नाहीत. पाच नीवरणं अशी यादीच आहे: काहीतरी हवंहवंसं वाटत राहणं, राग, सुस्ती, चुळबुळ-हुरहूर, आणि "हे खरंच काही आहे का" ही शंका. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंना जे व्हायचं तेच तुम्हाला होतंय, मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आधार वाटला होता. सुस्तीचं तर बघा, मोग्गल्लान म्हणजे बुद्धाचे दोन प्रमुख शिष्य त्यातले एक, त्यांनाही बसल्या बसल्या डुलक्या लागायच्या. तर बुद्ध त्यांना एकामागून एक उपाय सांगतात, कानाच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार आणि वर चांदण्यांकडे बघ, येरझाऱ्या घाल, आणि एवढं करूनही नाही गेली तर सरळ उजव्या कुशीवर झोप, जाग आली की लगेच उठ. किती माणसाला समजून घेऊन सांगितलंय! म्हणून थकून आलेल्या बाईनं रात्री अकराला बसायचा हट्ट करू नये, तिला झोपेची गरज आहे.

उलटा हट्ट पण नको. सोण नावाचा एक भिक्खू होता, श्रीमंत घरातला, इतक्या जोरात साधना करायचा की चालून चालून तळपाय फुटून रक्त आलं, आणि शेवटी सोडून घरी जावं असं त्याच्या मनात आलं. बुद्धानं त्याला विचारलं, तू घरी वीणा वाजवायचास ना, तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? नाही. फार ढिल्या ठेवल्या तर? नाही. मग तसंच हे. पहिल्याच आठवड्यात रोज दोन तास बसणारे आणि दुसऱ्या आठवड्यात गायब होणारे मी बरेच बघितलेत, त्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं फार बरी.

पण नवीन माणूस एक गोष्ट हमखास टाळतो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे, ती म्हणजे शील. बुद्धानं सांगितलेल्या आठ अंगांच्या मार्गाचे, म्हणजे अष्टांगिक मार्गाचे तीन भाग पडतात, शील (चांगलं वागणं), समाधी (मन एकाग्र होणं), प्रज्ञा (खरी समज). हल्ली ॲपवर मिळतं ते या तिघांतल्या एकाचा तुकडा, स्ट्रेस कमी करायची गोळी म्हणून. त्यानं थोडं बरं वाटतं, नाही असं नाही, पण दिवसभर खोटं बोलून, कोणाचे तरी पैसे अडकवून, रात्री तीन पेग मारून सकाळी श्वास बघायला बसलात तर मन कसं बसेल हो? ज्याच्या डोक्यात "काल काय सांगितलं होतं, आज काय सांगू" हे चालू आहे त्याला चुळबुळ होणारच. शील हे पुण्य कमवायला नसून मन हलकं राहावं म्हणून आहे, असं मी तरी समजते.

महाराष्ट्रात पंचशील लाखो घरात तोंडपाठ आहे, "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि" लहान लेकरं सुद्धा घडाघडा म्हणतात. हिंसा नाही, न दिलेलं घेणं नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, नशा नाही. यात वरून कोणाचा हुकूम आलेला नाही, मी स्वतःहून शिकायला घेतेय असं म्हणणं आहे, म्हणून चुकलं तर नरकात जाल अशी भीती घालायची नाही, परत घ्यायचं आणि चालू लागायचं. दारूचं मात्र स्पष्टच बोलते, "थोडी घेतली तर काय होतं" याला इथे जागा नाही, कारण ज्या जागेपणासाठी एवढी खटपट चाललीय त्याच्यावरच ती पडदा टाकते, आणि आपल्या वस्त्यांमधली किती घरं तिनं खाल्लीत हे मी वेगळं सांगायला नको.

वाणीवर जरा जास्त वेळ द्या, कारण दिवसातली निम्मी भांडणं तिथूनच निघतात. सम्यक वाचा, म्हणजे नीट बोलणं, हे त्या मार्गाचंच एक अंग, त्यात नुसतं खोटं नाही येत, चार गोष्टी येतात: खोटं, चहाडी, टोचून बोलणं आणि वायफळ बडबड. चहाडी म्हणजे इकडचं तिकडे सांगून दोघांत फूट पाडणं. ऑफिसच्या चहाच्या टपरीवर एक आठवडा फक्त एवढंच बघा, समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलायच्या आधी जिभेवर एक गोड खाज येते, ती पण वेदनाच आहे, सुखाची. ती दिसली की अर्धं काम झालं.

यासाठी बुद्धानं आपल्या मुलाला, राहुलला सांगितलेली पद्धत मला फार आवडते. आधी खोटं बोलण्याबद्दल समजावलं, भांड्यात तळाशी उरलेलं पाणी दाखवून, मग ते ओतून, भांडं पालथं करून, की जाणूनबुजून खोटं बोलायची लाज नाही त्याचं साधुपण असंच थोडंसं, असंच फेकलेलं, असंच पालथं. मग विचारलं, आरसा कशाला असतो? बघायला. तसंच प्रत्येक काम बघून करायचं, करायच्या आधी, करताना आणि करून झाल्यावर. याच्यानं मला, दुसऱ्याला, किंवा दोघांनाही त्रास होणार आहे का? आधी दिसलं तर करू नको, मध्येच दिसलं तर थांब, नंतर दिसलं तर जाणत्या माणसापुढे मोकळेपणानं सांग आणि पुढे सांभाळ. वेगळी खोली लागत नाही, वेगळा वेळ लागत नाही, ई-मेल पाठवायच्या आधी पण चालतं हे, पोराला ओरडायच्या आधी पण.

"आम्ही संसारी माणसं, आम्हाला कुठे जमतंय" असं म्हणणारा एक जण बुद्धाकडे पण गेला होता. कोलिय लोकांमधला, दीघजाणू नावाचा. म्हणाला, आम्ही बायकापोरांत राहतो, चंदन लावतो, माळा घालतो, सोनंनाणं वापरतो, आम्हाला झेपेल असं काहीतरी सांगा. बुद्धानं त्याला जंगलात जा म्हटलं नाही. सांगितलं की आपल्या कामात तरबेज हो आणि मेहनत कर, घामाचा पैसा सांभाळ, चांगल्या माणसांची संगत धर, आणि आवक-जावक बघून खर्च कर, ना उधळपट्टी ना चिक्कूपणा. पैसा गळायची भोकं पण सांगितली, बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार, वाईट संगत. त्याच्यापुढे मग श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा. म्हणजे क्रेडिट कार्डचं बिल वेळेत भरणं हा सुद्धा मार्गाबाहेरचा विषय नाही. धंद्याचं पण आहे, शस्त्रं, प्राणी किंवा माणसं, मांस, नशेचे पदार्थ आणि विष, या पाच गोष्टींचा व्यापार उपासकानं, म्हणजे संसारी अनुयायानं करू नये असं सांगितलंय.

शिकायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. गोव्यातल्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६ चा, त्यांना बुद्ध समजून घ्यायला घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ करत थेट सिलोनला जावं लागलं, १९०२ मध्ये तिथे त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढे ब्रह्मदेशातही गेले, कारण इथे पाली शिकवणारं कोणी मिळेना. आपल्याला तो त्रास नाही. इगतपुरीचं धम्मगिरी आहे, सत्यनारायण गोयंका गुरुजींनी ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये आणलेली विपश्यना तिथे दहा दिवसांच्या शिबिरात शिकवतात. पहाटे चारला घंटा, फोन जमा, कोणाशी बोलणं नाही, संध्याकाळी नवीन लोकांना चहा, फळं, चिरमुरे एवढंच. सुरुवातीचे साडेतीन दिवस फक्त श्वास आणि चौथ्या दिवशी दुपारपासून अंगभर संवेदना बघणं. फी नाही, शिबिर पूर्ण केलेल्यानं इच्छा असेल तर दान द्यायचं. गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते, नोकरी, संसार सगळं सांभाळून ऑफिसातल्या लोकांना ध्यान शिकवायचे, हे "वेळ नाही" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पण शिबिर कडक आहे, आणि ज्याला डिप्रेशन, पॅनिक किंवा दुसरा कुठला मानसिक आजार आहे त्यानं आधी डॉक्टरांशी बोलावं, फॉर्मवर काही लपवू नये, आणि चालू असलेली गोळी स्वतःच्या मनानं कधीच बंद करू नये. ध्यान हे औषधाला पर्याय नाही.

दहा दिवस सुट्टी मिळत नसेल तर जवळच्या विहारात जा, किंवा त्रिरत्न बौद्ध महासंघाची केंद्रं आहेत, तिथे आनापानसतीसोबत मैत्री भावना शिकवतात. ती घरीही करता येते. आधी स्वतःबद्दल "मी सुखी असो, निर्वैर असो", मग एखादी जवळची मैत्रीण, मग असं कोणीतरी ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही, बिल्डिंगचा वॉचमन, रोज दिसणारा रिक्षावाला, मग जाऊबाई, आणि शेवटी सगळेच. तिसरी पायरी लोक घाईत उरकतात, मला वाटतं तिथे थांबावं, कारण आपण दिवसभर ज्यांच्या जिवावर जगतो ती बहुतेक माणसं त्याच रांगेत असतात आणि आपल्याला त्यांचं नाव पण माहीत नसतं. चौथीला सुरुवातीलाच आयुष्यातला सगळ्यात मोठा वैरी घेऊ नका, थोडा खटकणारा माणूस घ्या.

ध्यान करायला बौद्धच व्हावं लागतं का, असंही विचारतात. नाही, श्वास बघायला कोणालाही अडकाठी नाही. धम्मदीक्षा घेणं हा मात्र वेगळा आणि विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्येष्ठ भिक्खू महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) आणि पंचशील घेतलं आणि मग स्वतः लाखो लोकांना दीक्षा देताना २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यात जुन्या देवदेवतांची पूजा आणि विषमता सोडणं स्पष्ट आहे आणि सर्व प्राणिमात्रांवर करुणा, अष्टांगिक मार्गाचं पालन हेही स्पष्ट आहे. त्या शांतपणे वाचा आणि मग ठरवा. बाबासाहेबांनी धम्म म्हणजे माणसानं माणसाशी कसं वागायचं हे वारंवार सांगितलं. त्यामुळे आपल्याकडे काही जण म्हणतात की ध्यान ही पळवाट आहे, डोळे मिटून जात मिटत नाही. त्यांचं दुखणं खरं आहे, मी ते उडवून लावणार नाही, शांत बसून शेजाऱ्याचं ताट वेगळं ठेवणारा माणूस ध्यानी कसला? पण कार्यकर्त्यालाही राग येतो, थकवा येतो, आपापसात फुटी पडतात, आणि तिथे बैठक कामाला येते. वंदना पाठ पण बसणं शून्य, किंवा बसणं रोज पण शेजाऱ्याशी माणुसकी शून्य, दोन्हीत मार्ग अर्धाच हातात राहतो.

किती दिवसांत फरक दिसतो, तर बैठकीत किती शांत वाटलं यावरून मोजू नका, ते रोज वरखाली होतं. राग आधी दोन तास टिकायचा तो आता अर्धा तास टिकतो का, टोमणा मारायच्या आधी थांबायला झालं का, झोप कशी लागते, हे बघा. घरचे लोक तुमच्या आधी सांगतील.

एकट्यानं टिकवणं अवघड आहे, म्हणून सोबत शोधा. बुद्ध आपल्या आनंद नावाच्या शिष्याला म्हणाले होते की चांगली मित्रसंगत म्हणजे अर्धा नाही, पूर्णच ब्रह्मचर्य आहे, म्हणजे हा अख्खा मार्गच. पौर्णिमेला बऱ्याच विहारांत वंदना असते, काही जण त्या दिवशी अष्टशील, म्हणजे पाचाऐवजी आठ नियम घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत, टीव्ही, नटणं-मुरडणं बाजूला ठेवतात, महिन्यातून एकदा करून बघायला नवीन माणसालाही हरकत नाही. आणि आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहायचा काळ असतो, तेव्हा महाराष्ट्रात गावोगावी विहारात, समाजमंदिरात, कुठे कोणाच्या ओसरीवर बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं, रोज थोडं थोडं. नवीन माणसानं सुरुवात करायला याच्यासारखा काळ नाही, रोज संध्याकाळी जायचं, मागे बसून ऐकायचं, कळलं नाही ते विचारायचं, वाचन संपल्यावर कोणी दहा मिनिटं डोळे मिटून बसणारं असेल तर त्यांच्याबरोबर बसायचं. आधीपासून ओळख असावी लागत नाही आणि कोणी फी विचारत नाही.